चांदीचा डॉलर ऑनलाइन घेण्यापूर्वी: बनावट आणि घासलेली नाणी ओळखण्यासाठी

बेळगाव, शहापूर, निपाणी, खानापूर या पट्ट्यातल्या जुन्या घरांत चांदीचे नाणे म्हणजे राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा रुपया. गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत क्वचित पोर्तुगीज अमलातला रुपियाही निघतो. नाणी जमवण्याचा नाद लागलेला माणूस या रुपयांच्या पुढे जातो तो बहुधा मोबाइलवर, आणि तिथे त्याला भुरळ घालतो तो चांदीचा डॉलर: आकाराने मोठा, हाताला जड आणि फोटोत झगझगीत. नेमक्या याच नाण्याच्या खोट्या प्रती बाजारात भरमसाट आहेत. त्यामुळे पहिला डॉलर मागवण्यापूर्वी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कुठे थांबावे, हे येथे नवख्या संग्राहकासाठी मांडले आहे.

एक भेद सुरुवातीलाच मनात पक्का करावा. नाण्यातली चांदी खरी आहे का हा एक प्रश्न आणि नाणे खरे आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शहापुरातला किंवा खडे बाजारातला कोणताही जाणता सराफ टंच काढून देईल. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या यंत्रात नसते. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीची ‘ओ’ ही खूण नेहमीपेक्षा बारीक असलेले १८९६, १९०० आणि १९०२ सालचे काही मॉर्गन डॉलर (अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर) तिथले संग्राहक कित्येक वर्षे एक खास प्रकार म्हणून जपत होते. २००५ साली पीसीजीएस या प्रमाणीकरण संस्थेने ते बनावट असल्याचे जाहीर केले. ते चांदीचेच होते. ही खोटी नाणी पाडली गेली त्या काळी चांदी इतकी उतरली होती की डॉलरभर चांदी डॉलरपेक्षा बरीच स्वस्त पडे, आणि अस्सल चांदी वापरूनही खोटे नाणे पाडणाऱ्याला नफा सुटे.

आधी नाण्याची माहिती, मग नाणे

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला, तर पीस डॉलर १९२१ ते १९२८ आणि १९३४-३५ या वर्षांतला आहे. दोहोंचे वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि बाकी तांबे. (२०२१ पासून अमेरिकी टांकसाळीने काढलेल्या नव्या आवृत्त्यांचा येथे विचार केलेला नाही.) चीनच्या व्यापारासाठी १८७३ पासून काढलेला अमेरिकी ट्रेड डॉलर २७.२२ ग्रॅमचा असतो. नवख्याने तो पहिल्या खरेदीत टाळावा, कारण खोट्या नाण्यांचा सुळसुळाट त्यातच फार आहे. ब्रिटिश ट्रेड डॉलर मात्र आपल्याला जवळचा वाटावा असा आहे: १८९५ पासून तो मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला, वजन २६.९५ ग्रॅम, आणि उभ्या ब्रिटानियाच्या हातातील त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर अगदी बारीक ‘बी’ असेल तर ते नाणे मुंबईचे. त्याच्याही नकला विपुल आहेत.

फसवणूक नव्हे पण दिशाभूल म्हणावी असा एक प्रकार आयझेनहॉवर डॉलरबाबत होतो. १९७१ ते १९७८ या काळातले हे चलनी नाणे तांबे आणि निकेलचे, २२.६८ ग्रॅमचे असते आणि त्यात चांदीचा कणही नसतो. संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीचा वेगळा प्रकार निघाला होता, त्याचे वजन २४.५९ ग्रॅम. जाहिरातीत मात्र दोहोंना सर्रास ‘सिल्व्हर डॉलर’ म्हटले जाते. वजन विचारले की विषय संपतो.

यानंतर साल आणि टांकसाळीची खूण यांचा मेळ तपासावा. ही तपासणी फुकट आहे, घरबसल्या होते, आणि आळशी बनावटखोर इथेच सापडतो. मॉर्गन डॉलरवर ही खूण मागच्या बाजूला, माळेच्या गाठीखाली असते. कार्सन सिटीची ‘सीसी’ ही खूण १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढ्याच वर्षांत येते. म्हणजे १८८७ चा ‘सीसी’ डॉलर कोणी दाखवला तर पुढचे काहीही पाहण्याची गरज नाही. डेन्व्हरची ‘डी’ मॉर्गनवर फक्त १९२१ साली आहे. पीस डॉलरवर ‘सीसी’ किंवा ‘ओ’ असूच शकत नाही, आणि १८७३ पूर्वीचा अमेरिकी ट्रेड डॉलर अस्तित्वातच नाही, तरी तशी नाणी विकायला ठेवलेली दिसतात. आपल्याकडे १८१८ साल घातलेली, राम दरबार किंवा हनुमान कोरलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची’ नाणी विकली जातात, तोही याच जातीचा माल होय. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत.

दुर्मीळतेच्या गप्पांपासूनही सावध राहावे. १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने सत्तावीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने भारतासाठी घेतली, कारण महायुद्धाच्या धामधुमीत इथे रुपये पाडायला चांदी पुरत नव्हती. आपल्या देवघरातल्या १९१८ नंतरच्या पंचम जॉर्जच्या रुपयात कोणा मॉर्गन डॉलरची चांदी मिसळलेली असणे सहज शक्य आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कोणत्या सालाची किती नाणी वितळली याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणून ‘या साली इतकीच पाडली होती’ या विक्रेत्याच्या वाक्यावरून आज किती उरली आहेत हे ठरत नाही. भावाची खालची मर्यादा मात्र सहज काढता येते. मॉर्गन किंवा पीस डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तिला त्या दिवसाच्या ग्रॅमच्या दराने गुणावे. त्याखाली खरे नाणे कोणी विकत नाही. ‘स्टॉक क्लिअरन्स’ म्हणून तर नाहीच नाही.

फोटोतून काय वाचावे

विक्रेत्याकडे किमान चार गोष्टी मागाव्यात: दोन्ही बाजूंचे सरळ वरून घेतलेले फोटो, कडेचा फोटो, दोन दशांश दाखवणाऱ्या वजनकाट्यावर ठेवलेले नाणे, आणि उजेडात हळूहळू कलवत घेतलेला छोटा व्हिडिओ, ज्यात शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी असेल. चिठ्ठीचा आग्रह काहींना खडूसपणाचा वाटेल, पण दुसऱ्याच्या लिलावातले फोटो उचलून आपल्या नावावर लावणे इतके सोपे झाले आहे की त्याला दुसरा इलाज नाही. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्समध्ये टाकून तो आणखी कुठे दिसतो का, हेही पाहावे. कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडेला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की नक्कल करणाऱ्याचे सगळे लक्ष दर्शनी बाजूंवर असते. अस्सल डॉलरच्या कडेवरील खाचा एकसारख्या अंतराच्या, सरळ उभ्या आणि स्वच्छ असतात. ओतीव नाण्याच्या कडेला दोन अर्धे जोडल्याची रेघ असते. ती कानशीने घासलेली असेल तर त्या पट्ट्यात खाचा अंधूक होतात किंवा तिरप्या जातात. कडेवर कुठे तांबूस किंवा पिवळसर रंग डोकावत असेल तर वरची चांदी केवळ मुलाम्याची आहे.

दर्शनी बाजूवर आधी अक्षरे पाहावीत. टांकसाळीच्या दाबाने उठलेल्या अक्षराची बाजू जमिनीशी, म्हणजे नाण्याच्या सपाट मोकळ्या भागाशी, धारदार कोन करते, तर ओतलेले अक्षर लोण्यात उमटवल्यासारखे गोलसर दिसते. काठालगतच्या बारीक दातांची ओळ तुटक किंवा जाडीभरडी असणे, मोकळ्या जागेत बारीक पुटकुळ्या उठलेल्या असणे, ही वाईट लक्षणे होत. झीज तर्काला धरून आहे का, हेही पाहावे. मॉर्गन डॉलर झिजतो तो आधी कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर. खोलगट जागा त्या मानाने टवटवीत राहतात. सगळेच नाणे सारखे मऊ आणि मोकळी जागाही खडबडीत असेल तर ती झीज नव्हे.

आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. खोटा ठसा अनेकदा एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच बनवतात, त्यामुळे त्या मूळ नाण्याच्या गालावर पडलेला खड्डा ठशात उतरतो आणि तिथून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी उमटतो. दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या, एकाच सालाच्या नाण्यांवर हुबेहूब तोच खड्डा तीच दिशा घेऊन दिसला तर दोन्ही सोडून द्यावीत. वेगळ्या ठिकाणी फिरलेल्या दोन नाण्यांना सारखीच जखम होत नाही.

१८८९ चा ‘सीसी’ किंवा जेमतेम एक लाख पाडलेला १८९३ चा ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा) अशा महागड्या नाण्यांत तर नाणे खरे आणि खूण खोटी असा प्रकार असतो. साध्या नाण्यावर बारीक अक्षर चिकटवतात, त्याच्या बुडाशी भिंगातून फट किंवा रंगाचा फरक दिसतो. असली नाणी सुट्या स्वरूपात ऑनलाइन घेणे हे शिकाऊ माणसाचे काम नाही.

घासलेले नाणे

बनावट नाण्याविषयी सगळेच बोलतात. घासलेल्या नाण्यात पैसे जातात तेव्हा कित्येकांना ते कळतही नाही. आपल्याकडे याचे मूळ चांगल्या रिवाजात आहे. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये निघतात, चिंचेने, राखेने, रांगोळीच्या भुकटीने किंवा दंतमंजनाने घासून लख्ख केले जातात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कापडात गुंडाळून ठेवले जातात. पूजेसाठी त्यात काहीच वावगे नाही. पण संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो तो नाण्याचा मूळ पृष्ठभाग त्यात खरवडून निघतो आणि तो परत येत नाही. डॉलरचेही अमेरिकेत असेच झाले आहे, फक्त साहित्य वेगळे.

घरातलाच एक घासलेला रुपया हातात घेऊन हे शिकावे. त्याहून स्वस्त शाळा नाही. नाणे कडेला धरून टेबलावरच्या एकाच दिव्याखाली आणावे आणि मनगट सावकाश वळवावे. राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसाएवढ्या बारीक रेघांचे जाळे एका ठरावीक कोनात चमकून उठते आणि नाणे किंचित फिरवले की नाहीसे होते. बहुतेक रेघा एकाच दिशेने जातात किंवा अंगठा फिरवल्यासारख्या वाटोळ्या असतात. वापरातल्या नाण्यावरही ओरखडे असतात, पण ते वेगवेगळ्या दिशांचे आणि कमीअधिक खोल असतात. मग भिंगातून अक्षरांच्या कोपऱ्यांत पाहावे. फडके तिथवर पोहोचलेले नसते, म्हणून अक्षरांच्या कुशीत काळी राप तशीच उरते, कधी रांगोळीची पांढरी भुकटीही अडकून बसलेली असते, आणि लगेच पुढे जमीन मात्र नितळ पांढरी. एकदा हे डोळ्यांत बसले की फोटोतही दिसू लागते.

न वापरलेल्या अस्सल नाण्याची झळाळी याहून निराळी असते. ठोक्याच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे वाहत जातो आणि ठशावर व नाण्यावर अतिसूक्ष्म किरणरेषा उमटतात. त्यामुळे नाणे कलवले की प्रकाशाची पाती मध्याभोवती फिरताना दिसते. घासलेले किंवा पॉलिश केलेले नाणे सगळीकडून एकदम चकाकते आणि पाती फिरत नाही. मागितलेल्या व्हिडिओत पाहायचे ते हेच. साधा नियम असा की केस आणि पिसे झिजून सपाट झालेली असताना नाणे नव्यासारखे चमकत असेल तर ते घासलेले आहे. शंभर वर्षे हातोहात फिरलेली चांदी राखाडी दिसते, आणि तशीच दिसावी.

आम्लयुक्त द्रावणात बुडवून काढलेले नाणे ओळखणे अवघड असते. त्यावर रेघा नसतात. पण द्रावण चांदीचा अगदी वरचा थर खाते, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवलेले नाणे पांढरे असूनही निर्जीव दिसते. फिरत्या तारेच्या ब्रशने खोटी झळाळी आणलेल्या नाण्यात अक्षरांच्या एका बाजूला धातू ढकलला जाऊन साचलेला दिसतो. निळ्या-जांभळ्या रंगांचे नाणे ‘इंद्रधनुषी’ म्हणून चढ्या भावाने विकले जाते. हवेतल्या गंधकाने चांदीवर असा रंग खरोखरच चढतो, मात्र हळूहळू आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळत. रसायनाने आणलेला रंग भडक असतो आणि अनेकदा ओरखड्यांच्या आतही उतरलेला दिसतो.

लंबाणी स्त्रियांच्या अलंकारांत आणि आपल्याकडच्या रुपयांच्या माळांत नाण्याला कडी झाळण्याची पद्धत होती. नाणे नंतर सुटे करून विकतात, तेव्हा वरच्या कडेशी खाचा बुजलेल्या, तिथला रंग वेगळा आणि समोरच्या बाजूला गळ्यावर घासल्याची झीज, असे चित्र दिसते. परदेशी डॉलरवरही दागिन्यात बसवल्याच्या अशाच खुणा सापडतात.

घासलेले, कडी काढलेले नाणे बनावट नव्हे, ते घेऊ नये असेही नाही. चांदीच्या भावाच्या आसपास मिळाले तर शिकण्यासाठी ते उत्तम. वाद आहे तो न घासलेल्या नाण्याची किंमत त्याला मोजण्याचा. वर्णनात ‘ब्राइट’, ‘शायनी’, ‘पॉलिश्ड’ असे कौतुकाचे शब्द दिसले की भाव खाली आणूनच बोलावे.

सीलबंद डबी आणि विक्रेता

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणे तपासून १ ते ७० च्या मोजपट्टीवर दर्जा देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून क्रमांक देतात. घासलेल्या नाण्याला साधा अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मिळतो. तो शब्द फोटोत बोटाखाली झाकला गेलेला नाही ना, हे पाहावे. क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, पण तो सापडला म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण खोट्या डब्यांवर खऱ्या नाण्याचे क्रमांक छापलेले असतात. संकेतस्थळावर नाण्याचा फोटो असेल तर त्यातला एखादा डाग वा ओरखडा आपल्यासमोरच्या फोटोत शोधावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आगाऊ पैसे पाठवून नाणी घेऊ नयेत. ज्या व्यवहारात परतीची मुदत लेखी नाही आणि पैसे देण्याचा मार्ग फक्त एका खासगी क्रमांकावरील यूपीआय आहे, तिथे नाणे कसे आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांवर शुल्क किंवा कर मागणारे संदेश खोटे असतात. खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तसा इशारा दिला आहे. परदेशातून मागवणाऱ्याने सीमाशुल्क आधी विचारून घ्यावे, अन्यथा स्वस्त पडलेले नाणे कुरिअरच्या दारात महाग होते. शंभर वर्षांहून जुने नाणे भारतातून बाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत, तेव्हा परतीची अट ठरवताना हेही ध्यानात असावे.

पार्सल आल्यावर

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता घ्यावा: पत्त्याची चिठ्ठी, सील, नाणे, आणि लगेच काट्यावरचे वजन. झिजलेला डॉलर दोन-तीन दशांश ग्रॅमने हलका भरणे स्वाभाविक आहे. एक ग्रॅमचा फरक स्वाभाविक नाही. व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजावा, पण त्याचे जबडे नाण्यावर आवळू नयेत. लोहचुंबकाला नाणे चिकटले तर निकाल लागला. चिकटले नाही म्हणून ते खरे ठरत नाही, कारण पितळ आणि तांबेही चिकटत नाही.

घरी करता येण्यासारखी सर्वांत भरवशाची परीक्षा पाण्याची आहे. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही असे हाताने लोंबते धरावे. अंगाला चिकटलेले बुडबुडे झटकावेत. आता काटा जे दाखवतो ते नाण्याने सारलेल्या पाण्याचे वजन. ९० टक्के चांदीच्या २६.७३ ग्रॅमच्या डॉलरला ते २.५९ ग्रॅमच्या जवळपास येते, कारण या मिश्रधातूची घनता पाण्याच्या साधारण १०.३ पट आहे. त्याच वजनाचे तांबे-निकेलचे नाणे असेल तर आकडा ३ च्या घरात जातो. हाताचा सराव आधी घरच्या राणीछाप रुपयावर करावा: ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला १.१३ च्या आसपास आकडा यायला हवा. नंतर नाणे मऊ कापडाने केवळ टिपावे, पुसू नये.

सराफाकडे नेल्यास कसोटीच्या दगडावर ओढू देऊ नये आणि आम्लाचा थेंबही लावू देऊ नये. क्ष-किरणांचे यंत्र इजा करत नाही, पण त्याला पृष्ठभागालगतचाच धातू दिसतो, म्हणून जाड मुलाम्याचे नाणे तिथे पास होऊ शकते. पाण्याची परीक्षा आणि यंत्र दोन्ही जुळले तर चांदीचा प्रश्न मिटतो. अक्षरे, कड आणि ठसा यांची तपासणी त्यानंतरही करावीच लागते. नाद ऐकण्यासाठी फरशीवर आपटण्याची जुनी सवय सोडावी. नाणे बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी दिली तरी चांदीचा लांबणारा आवाज ऐकू येतो.

खोट निघाली तर विक्रेत्याशी फोनवर हुज्जत घालत मुदत घालवू नये. वजनाचा आणि पाण्याच्या परीक्षेचा व्हिडिओ जोडून संकेतस्थळावरच परतीची मागणी नोंदवावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, शक्यतो तासाभरात कळवावे.

नाणे पसंत पडले तर ते आले तसेच ठेवावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात काही काळाने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे किंवा कडक डबी वापरावी. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात डबीसोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती वेळोवेळी बदलावी.